‘अनुकूलन’ या शब्दाचा हिशेब: राज्याचा हवामान आराखडा आणि सोलापूर

केंद्राने जून २००८ मध्ये हवामान बदलाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि पुढच्या वर्षी राज्यांना आपापले आराखडे तयार करण्यास सांगितले. महाराष्ट्राने आपल्या आराखड्यासाठीचा अभ्यास दिल्लीतील एका संशोधन संस्थेकडे सोपवला. तो २०१४ मध्ये हाती आला आणि मंत्रिमंडळाची मान्यता मिळेपर्यंत २०१७ उजाडले.

या दस्तऐवजाच्या नावातच ‘अनुकूलन’ आहे आणि वादाचे मूळही तेथेच आहे. अनुकूलन म्हणजे बदलत्या हवामानाशी शेती, पाणी व आरोग्य यांची सांगड घालणे. हवामान बिघडवणाऱ्या वायूंचे उत्सर्जन घटवणे हा निराळा विषय, ज्याला मराठीत कोणी ‘उपशमन’ म्हणतात, तर कोणी ‘सौम्यीकरण’. हवामान बिघडवण्यात आपला वाटा थोडा, तेव्हा आधी सावरून घ्यावे, ही भूमिका देशपातळीवर तेव्हा मांडली जात होती आणि ती चुकीची नव्हती. सोलापूरला तर हे काम नवे नव्हतेच. कोरडवाहू शेतीचे संशोधन येथे १९३० च्या दशकात सुरू झाले आणि १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांनी खडी फोडली, बांध घातले. तेही अनुकूलनच होते, फक्त त्याला ‘दुष्काळी कामे’ म्हणत.

मात्र मान्यता मिळाली त्याच २०१७ साली दक्षिण सोलापुरात १,३२० मेगावॅटच्या औष्णिक वीज प्रकल्पाचा पहिला संच सुरू झाला. त्याचे पाणी उजनीचे, म्हणजे शेती आणि शहर ज्यावर डोळे लावून बसतात तेच. पाण्याची तूट आणि कोळशाचा धूर एकाच जिल्ह्यात असताना दोहोंचा विचार वेगळा ठेवणे ही, माझ्या मते, त्या आराखड्याची सर्वांत मोठी उणीव होय. २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात सोलापूर शहर आले, परंतु तो धूळ व धुराचा कार्यक्रम आहे. हवामान आराखड्याशी त्याची गल्लत करू नये.

२०२० मध्ये पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द आले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात स्थानिक संस्थांना पंचमहाभूतांच्या निकषांवर गुण दिले जाऊ लागले, आणि ‘अग्नी’ या सदरात ऊर्जेचा विषय अखेर गावपातळीवर पोहोचला.

निधीची वाट मात्र वेगळी राहिली. हवामान-अनुकूल शेतीसाठी जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ मध्ये आलेल्या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव मिळून १५ जिल्हे होते. बार्शीच्या शिवेपलीकडचा धाराशिव त्यात होता, सोलापूर नव्हता.