प्रोफेसर हॉफमन

(२३ जुलै १८३९ – २३ डिसेंबर १९१९). हातचलाखीची जादू पुस्तकांतून शिकवणारे इंग्रज लेखक. मूळ नाव अँजेलो जॉन लुईस. जन्म लंडनचा, शिक्षण ऑक्सफर्डच्या वाडम कॉलेजात, पेशा बॅरिस्टरचा. जादूगार म्हणून बोभाटा झाला तर वकिलीला बाधा येईल, म्हणून त्यांनी टोपणनावाने लिहिले.

त्यांचे ‘मॉडर्न मॅजिक’ १८७६ साली लंडनच्या राउटलेज या प्रकाशनसंस्थेने काढले. त्यात ३१८ आकृत्या होत्या. जादूवरची पुस्तके त्याआधीही निघत, पण बहुतेकांत प्रयोगाचे गुपित तेवढे उघड केलेले असे. ते वाचून कुतूहल भागते, हात तयार होत नाही. हॉफमन यांनी सुरुवातच छडी, टेबल आणि कोटातल्या गुप्त खिशांपासून केली. छडी ही केवळ शोभेची वस्तू नाही, हे त्यांनी दाखवून दिले: तळव्यात नाणे दडवलेली मूठ मिटलेली का, असा संशय येऊ नये म्हणून हातात छडी असावी, ती घ्यायला किंवा ठेवायला टेबलाकडे वळले की नाणे गुपचूप बदलताही येते. मग पत्ते, नाणी, घड्याळे, अंगठ्या, रुमाल, वाट्या आणि गोळे असा एकेक वस्तूचा अभ्यास येतो. बोटे कुठे ठेवायची, नजर कुठे न्यायची, इतक्या बारकाईने.

पुढे काय होणार हे प्रेक्षकांना आधी सांगू नये आणि एकाच संध्याकाळी तोच प्रयोग पुन्हा करू नये, हे त्यांचे दोन नियम जादूगार आजही पाळतात. कारण उघड आहे: काय घडणार हे ठाऊक असले की प्रेक्षक नेमका कुठे पाहायचे ते ओळखतो. काही व्यावसायिक जादूगारांना हे लेखन म्हणजे पोटावर पाय वाटला. तो आक्षेप फारसा टिकणारा नव्हता. हे पुस्तक वाचून पुढच्या पिढीतले कितीतरी जादूगार घडले.

फ्रेंच जादूगार रोबेर-उदँ यांच्या जादूच्या पाठ्यग्रंथाचा इंग्रजी अनुवाद त्यांनी १८७८ मध्ये केला. ‘मोअर मॅजिक’ (१८९०) आणि ‘लेटर मॅजिक’ हे ‘मॉडर्न मॅजिक’चे पुढचे भाग. ‘पझल्स ओल्ड अँड न्यू’ (१८९३) हा कोड्यांचा संग्रह जुनी यांत्रिक कोडी जमवणारे अजूनही हाताशी ठेवतात. मृत्यूच्या आदल्या वर्षी ‘लेटेस्ट मॅजिक’ निघाले; त्यातले प्रयोग त्यांनी स्वतः रचलेले होते.