त्रिस्तरीय रचना (वेब ॲप्लिकेशन)

मोठ्या संस्थांच्या वेब ॲप्लिकेशनची सादरीकरण (वापरकर्त्याला दिसणारा भाग), व्यवसायनियम (मधला स्तर) आणि डेटाबेस (माहितीचा साठा) अशा तीन स्तरांत केलेली विभागणी. तंत्रज्ञ नसलेल्या व्यवस्थापकाला खर्च आणि मुदत ठरवताना याच विभागणीची जाण सर्वाधिक उपयोगी पडते.

या रचनेच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार तिचे श्रेय १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे काम करणाऱ्या ओपन एन्व्हायर्न्मेंट कॉर्पोरेशन या कंपनीला आणि तिचे संस्थापक जॉन डोनोव्हन यांना जाते. दुसरे मत ती मेनफ्रेमवरील (मध्यवर्ती मोठ्या संगणकावरील) व्यवहार-नियंत्रकांपर्यंत, म्हणजे अनेकांचे व्यवहार एकाच वेळी हाताळणाऱ्या प्रोग्रामपर्यंत, मागे नेते. आयबीएमच्या सीआयसीएस या व्यवहार-नियंत्रकात (१९६९) आणि १९८०च्या दशकात एटी अँड टीमध्ये विकसित झालेल्या टक्सिडोमध्ये टर्मिनल (वापरकर्त्याचा पडदा व कळफलक), मधला प्रोग्राम आणि डेटा यांची कामे वेगळी केलेली होती. नाव रूढ होण्यापुरते पहिले मत मान्य केले, तरी कार्यपद्धतीच्या दृष्टीने दुसरे अधिक ग्राह्य वाटते; कारण डेटाबेसची मोजकी कनेक्शन अनेकांत वाटून वापरणे आणि व्यवहार पूर्णपणे नोंदवणे किंवा पूर्णपणे रद्द करणे, ही आजच्या ॲप्लिकेशन सर्व्हरची (मधला स्तर चालवणाऱ्या प्रणालीची) मुख्य कामे या व्यवहार-नियंत्रकांनी आधीच केलेली दिसतात. ट्रिग्वे रीन्सकाऊग यांनी १९७९च्या सुमारास झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात मांडलेली एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर, म्हणजे माहिती, तिचे दृश्य आणि नियंत्रण वेगळे ठेवणारी) रचनाही कधीकधी मूळ म्हणून सांगितली जाते. मात्र ती मुख्यतः प्रोग्राम आणि त्याचा पडदा यांच्या अंतर्गत मांडणीविषयी आहे.

वेबवर १९९३च्या सीजीआय पद्धतीत (वेब सर्व्हरने वेगळा प्रोग्राम चालवून उत्तर मिळवण्याच्या पद्धतीत) बहुधा प्रत्येक विनंतीसाठी तो प्रोग्राम नव्याने सुरू होई. जावा भाषेत सर्व्हरवरील प्रोग्राम लिहिण्याची मानके असलेल्या जावा सर्व्हलेट (१९९७) आणि जे२ईई (१९९९) यांनी मधल्या स्तराला स्थिर रूप दिले. स्प्रिंगसारख्या हलक्या चौकटी (तयार कोडचे सांगाडे) पुढे रुजल्या.

स्तरांची विभागणी तर्कगत (कोडमधली) आहे की भौतिक (यंत्रांमधली), हा प्रश्न व्यवस्थापकाने प्रथम विचारावा. तिन्ही स्तर एकाच यंत्रावर असूनही कोड नीट विभागलेला असू शकतो. उलट तीन यंत्रांवर पसरलेल्या प्रणालीत एकच नियम ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट, मधला कोड आणि डेटाबेसमधील प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेला प्रोग्राम) अशा तिन्ही ठिकाणी लिहिलेला आढळू शकतो. उदाहरणार्थ, २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे अनेक दर बदलले. जिथे दर ‘लागू दिनांका’सह डेटाबेसच्या तक्त्यात होते, तिथे हा बदल मुख्यतः नोंदीचा ठरतो; जिथे ते कोडमध्येच लिहिलेले होते, तिथे प्रत्येक ठिकाण शोधणे, चाचणी करणे आणि नवी आवृत्ती बसवणे भाग पडते. बदलाला किती दिवस लागतील, याचे प्रामाणिक उत्तर नियम कुठे राहतो हे पाहिल्याशिवाय देता येत नाही.

सर्व्हर वाढवण्याचा निर्णयही असाच, कोणती गोष्ट कुठे ठेवली आहे हे पाहून घ्यावा लागतो. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाचे नियम असलेल्या एचटीटीपीला आधीची विनंती आठवत नाही. लॉगिन केलेल्या वापरकर्त्याची माहिती, म्हणजे सेशन, एकाच सर्व्हरच्या स्मृतीत ठेवली असेल आणि पुढची विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे गेली, तर त्याला पुन्हा लॉगिन करावे लागते. त्यामुळे सेशन सामायिक साठ्यात ठेवावे लागते, किंवा लोड बॅलन्सरने (विनंत्या सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेने) त्याच वापरकर्त्याला त्याच सर्व्हरकडे पाठवावे लागते. दुसऱ्या उपायात तो सर्व्हर बंद पडला की सेशनही जाते. शिवाय सर्व विनंत्या डेटाबेसमधील एकाच ओळीचे (नोंदीचे) कुलूप, म्हणजे एका वेळी एकालाच बदल करू देणारा अटकाव, सुटण्याची वाट पाहत असतील, तर मधल्या स्तरात कितीही सर्व्हर जोडले तरी गती वाढत नाही.