अ‍ॅम्बॅसॅडरच्या पाचव्या गिअरची पूर्वकथा

जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरला पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला की 'गाडी बाटवली' म्हणणारे भेटतातच. गंमत अशी, की हा उद्योग हौशी लोकांच्या आधी खुद्द कारखान्याने केला आहे.

कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने 1958 मध्ये मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीवरून अ‍ॅम्बॅसॅडर काढली. तिकडे कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट 1974 मध्ये पद्मिनी झाली. दोन्हींत चार गिअर आणि दांडा स्टिअरिंगखाली, म्हणजे आपला हॅन्ड गिअर. पुढचं सीट सलग बाकासारखं. दांडा जमिनीवर नसला की मध्ये तिसरा माणूस मावतो. एका गाडीत अख्खं खटलं कोंबणाऱ्या देशात ही सोय लहान नव्हती.

पण त्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि बुशांची, म्हणजे सांध्यांतल्या छोट्या नळ्यांची, वरात असते. बुश झिजले की गिअर अडकायचा. मग ड्रायव्हर भर रस्त्यात बॉनेट उघडून सळी हाताने हलवणार, आणि मागचे हॉर्न वाजवणार. शिवाय पहिल्या गिअरला सिंक्रोनायझर, म्हणजे चाकांचे वेग जुळवून गिअर अलगद पाडणारा भाग, नाही. घाटात गाडी दुसऱ्यात धापा टाकू लागली की एक तर पूर्ण थांबायचं, नाहीतर डबल क्लच मारायचा, म्हणजे एका बदलासाठी क्लच दोनदा दाबायचा. चुकलं की होणारी करकर मागच्या सीटवर पेंगणाऱ्या आजीलाही जागं करी.

1983 मध्ये मारुती 800 आली आणि लोकांच्या हाताला हलक्या गिअरची सवय लागली. तिचा गिअरबॉक्स मात्र इथे कुचकामी: पुढची चाकं ओढणारी गाडी, इंजिन आडवं. अ‍ॅम्बॅसॅडरला हवा होता उभ्या इंजिनामागे बसणारा आणि मागच्या चाकांना शाफ्ट देणारा. तो घरातच सापडला. हिंदुस्थान मोटर्सच्याच काँटेसा गाडीला जपानी इसुझू कंपनीचं 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन मिळालं होतं. 1992 मध्ये ते इंजिन, पाच गिअरच्या डब्यासह आणि जमिनीवरच्या दांड्यासह (फ्लोअर शिफ्ट), अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये आलं: 1800 आयएसझेड. पन्नाशीच्या दशकातल्या सांगाड्यात जपानी गिअरबॉक्स, तोही कंपनीच्या वॉरंटीसह!

पाचव्याची खरी चव कळली ती 2002 मध्ये मुंबई–पुणे एक्सप्रेसवे पूर्ण सुरू झाल्यावर. जुन्या डब्यात, म्हणजे गिअरबॉक्समध्ये, चौथा म्हणजे सरळ एकास एक: इंजिनाचा एक फेरा, शाफ्टचा एक फेरा. वेग धरला की इंजिन सतत किंचाळत राहतं. पाचव्यात त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी होतात, आणि शेजारच्याशी आवाज न चढवता बोलता येतं.

जुनं 1489 सीसीचं इंजिन ठेवून नुसता डबा बदलायचा, तर काम लेथवाल्याचं आहे. बेल हाऊसिंग (गिअरबॉक्सचं घंटेसारखं पुढचं आवरण) आणि इंजिन यांच्यामध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट, क्रँकच्या टोकाला गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारा नव्या मापाचा पायलट बुश, त्या शाफ्टवरच्या नव्या खाचांना (स्प्लाइन) जुळणारी क्लच प्लेट. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून वेल्ड केला की बॅलन्सिंग करून घ्यावंच लागतं, नाहीतर वेग घेताच सगळी गाडी थरथरते. अ‍ॅडॉप्टर प्लेट केसभर जरी केंद्र सोडून बसली, तरी गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग लवकर जातं. माझ्या मते निम्मी कामं इथेच बिघडतात, आणि शिव्या मात्र गिअरबॉक्सला बसतात.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 मध्ये नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं असलेल्या वेगळ्या मालिकेची नोंदणी आली. त्या नियमात गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल नको असं आहे. गिअरबॉक्सचं नाव त्यात घेतलेलं नाही. तरी विंटेज रॅलीत परीक्षक आत वाकून दांडा कुठे आहे ते बघतातच. म्हणून जाणते लोक जुना डबा भंगारात देत नाहीत; ग्रीस फासून, गोणपाटात गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवून देतात.