मुळांवरील गाठी (मराठवाड्यातील द्विदल पिके)

तूर, मूग, उडीद, हरभरा, सोयाबीन, भुईमूग इत्यादी शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर रायझोबियम जिवाणू व त्याच्या जवळच्या प्रजातींमुळे तयार होणारे अवयव. गाठीतील जिवाणू हवेतील नत्रापासून अमोनिया बनवतात. पीक त्यांना शर्करा पुरवते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्रीगेल व विल्फार्ट यांनी १८८०च्या दशकात हा संबंध प्रयोगाने दाखवला, तर डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८८८ मध्ये जिवाणू वेगळा केला. मुगाच्या बेवडावर (मूग निघालेल्या रानात) रब्बी ज्वारी घेण्याची मराठवाड्यातील रीत त्याहून बरीच जुनी मानली जाते.

तूर, मूग, उडीद व भुईमूग यांना चवळी गटातील, सावकाश वाढणारे ब्रॅडीरायझोबियम जिवाणू चालतात आणि ते येथील काळ्या जमिनीत मुळचेच आहेत. हरभऱ्याला मात्र मेसोरायझोबियमच लागतो. त्यामुळे तुरीच्या संवर्धकाचे (बियाण्याला लावायच्या जिवाणूंचे) पाकीट हरभऱ्याला लावणे व्यर्थ ठरते.

सोयाबीनच्या जिवाणूंच्या उगमाबाबत मतभेद आहेत. हे पीक पूर्व आशियातील. पिवळ्या दाण्याच्या वाणांचे काम भारतात १९६०च्या दशकात जबलपूर व पंतनगर येथे वाढले. मराठवाड्यात पीक फैलावले ते साधारण १९९०नंतर. त्यामुळे येथील जिवाणू ब्रॅडीरायझोबियमच्या जपोनिकम जातीच्या संवर्धकांतून, म्हणजे पाकिटांतून, आले असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार मध्य भारतात ‘काळीतूर’सारखे काळ्या दाण्याचे जुने सोयाबीन आधीपासून होते, म्हणून त्याचे जिवाणूही होते. भारतीय सोयाबीनच्या गाठींतून ब्रॅडीरायझोबियमच्याच युआनमिंगेन्स व लियाओनिंगेन्स या जाती मिळाल्या आहेत. त्यामुळे केवळ पाकिटांवर भिस्त ठेवणारे पहिले मत लंगडे पडते. या दोन्ही जातींचे पहिले वर्णन चीनमधील नमुन्यांवरून झाले (लियाओनिंगेन्सचे १९९५ मध्ये, युआनमिंगेन्सचे २००२ मध्ये), पण वर्णन जिथे झाले तेच उगमस्थान असे होत नाही. मिश्र उगम मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

व्यवहारात याचा अर्थ असा की, दरवर्षी सोयाबीन घेतलेल्या रानात जमिनीतले जिवाणूच मुळावर आधी जागा पटकावतात आणि संवर्धकाचा फरक डोळ्यांना दिसेलच असे नाही. पहिल्यांदाच सोयाबीन पेरलेल्या किंवा बऱ्याच वर्षांनी हरभरा आलेल्या रानात तो ठळक दिसतो.

बीजप्रक्रिया : भुकटीरूप संवर्धक १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम. चिकटण्यासाठी १ लिटर गरम पाण्यात १२५ ग्रॅम गूळ विरघळवून द्रावण पूर्ण थंड करतात आणि बियाणे जेमतेम ओलसर होईल एवढेच वापरतात. सोयाबीनचे टरफल पातळ असते. द्रावण जास्त झाले किंवा बी जोराने चोळले तर टरफल सुटते आणि उगवण घटते. म्हणून सोयाबीनला द्रवरूप संवर्धक सोयीचा. क्रम आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू असा असतो. बियाणे गोणपाटावर सावलीत सुकवून त्याच दिवशी वाफशावर (जमिनीत योग्य ओल असताना) पेरतात. धूळपेरणीत जिवाणू तापलेल्या मातीत पावसाची वाट पाहत मरतात. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीत प्रतिग्रॅम किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात, पण मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या पाकिटात छापील अंतिम तारखेला फारसा अर्थ उरत नाही.

तपासणी : फुलोऱ्याच्या सुमारास झाड उपटू नये, काळ्या मातीत गाठी तुटून खालीच राहतात. खुरप्याने मातीच्या ढेपेसह काढून बादलीत भिजत ठेवावे व मग गाठ नखाने चिरावी. आतून गुलाबी-लाल असल्यास काम चालू आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतील प्रथिनाचा. पांढरी गाठ कोवळी किंवा निकामी, हिरवट-तपकिरी संपलेली. सोटमुळाच्या वरच्या भागात झुबका असेल तर तो बहुधा लावलेल्या जिवाणूंचा, तर आडव्या मुळांवर विखुरलेल्या गाठी बहुधा रानातल्या जिवाणूंच्या. पाणी साचल्यास मुळांना प्राणवायू मिळत नाही व गाठी मंदावतात. युरियाचा हात सैल सुटला तरी गाठी कमी धरतात. परभणी कृषी विद्यापीठाच्या सोयाबीन शिफारशीत नत्र हेक्टरी ३० किलोच आहे.

चुनखडीच्या रानात सोयाबीन पिवळे पडले की दोष गाठींना दिला जातो. शेंड्याची पाने पिवळी व शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. नत्राची कमतरता खालच्या जुन्या पानांपासून सुरू होते.

बेवड : सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असल्याने एका क्विंटलबरोबर सहा किलोंच्या वर नत्र रानाबाहेर जाते. हवेतून मिळणारे नत्र एकूण गरजेच्या साधारण निम्मे धरले, तर जमिनीचा हिशेब जेमतेम जुळतो किंवा तुटीत जातो. काड पेटवल्यास तूट वाढते. सोयाबीनने जमीन सुधारतेच हे विधान म्हणून जपून घ्यावे. मुगाच्या शेंगा तोडून हिरवे झाड गाडले, तर पुढच्या ज्वारीला लाभ होतो. तुरीची पानगळही उपयोगी पडते.

गाठींनी बांधलेले नत्र डाळीतून माणसांना, तर पेंड व भुसकटातून जनावरांना प्रथिनांच्या रूपात मिळते.