मुळावरची गाठ: खताची की किड्याची?

परवा करवीर तालुक्यातल्या आमच्या रानात भांगलण चालली होती. बांधाला बांध असलेल्या आप्पांनी सोयाबीनचं एक रोप उपटलं, मुळं झटकली आणि माझ्यापुढं धरलं. "गाठीच गाठी. रोग पडलाय बघ." हेच आप्पा उन्हाळ्यात टोमॅटोच्या मुळावरच्या गाठी बघून खूश झाले होते, "मुळातच खत तयार हुतंय" म्हणून. दोन्ही वेळा उलटं!

सोयाबीनच्या मुळावरची ती गाठ रायझोबियम जिवाणूंची. हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, हे जिवाणू पिकाला खाता येईल असा करून देतात. गाठ मुळाच्या अंगाला मण्यासारखी चिकटलेली असते. खुडली की निघते, मूळ शाबूत. नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर काम जोरात चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. हिरवट किंवा करडी निघाली, तर काम थांबलंय.

टोमॅटो, भेंडी, वांगी यांना रायझोबियमची गाठ येतच नाही. तिथल्या गाठी बहुधा सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीतल्या दोऱ्यासारख्या बारीक किड्यांच्या. यात मूळच सुजतं, त्यामुळं गाठ खुडायला जावं तर मूळ तुटतं. अर्ध्या मिलिमीटरहून लहान पिल्लू मुळाच्या टोकातून आत शिरतं, एका जागी ठाण मांडतं, भोवतीच्या पेशी फुगवतं. मादी तिथंच शेकडो अंडी घालते. पाणी देऊनही दुपारी झाडं माना टाकतात, कारण सुजलेल्या मुळातून पाणी नीट वर चढत नाही.

हे सूत्रकृमी म्हणजे संख्येनं जगातले सर्वांत जास्त प्राणी, मुंग्यांपेक्षाही कितीतरी जास्त. २०१९ च्या एका जागतिक अभ्यासाचा अंदाज असा, की जमिनीच्या वरच्या थरातच ते ४४ वर १९ शून्यं इतके आहेत. जमिनीवरच्या दर पाच प्राण्यांत चार हेच. पण सगळे पिकाच्या मुळावर उठलेले नसतात. बरेचसे जिवाणू आणि बुरशी खाऊन जगतात, आणि त्यातून सुटलेला नत्र पुन्हा पिकालाच मिळतो. म्हणजे आप्पांचं 'खत' अगदीच खोटं नव्हतं, फक्त किडा चुकला.

सोयाबीनलाही सूत्रकृमी लागतात. एकाच मुळावर दोन्ही गाठी सापडू शकतात. म्हणून नुसतं बघून ठरवू नये. आप्पांना म्हटलं, नख लावा. गाठ फुटली, आत लालबुंद.

"आरं तिच्या," आप्पा म्हणाले, "मग उपटलं कशाला मी ह्याला?"