मसीहा : ख्रिस्ती संकल्पना आणि गोमंतकीय ‘भावार्थ’

‘मसीहा’ या शब्दाचे मूळ हिब्रू ‘माशिआह’मध्ये असून त्याचा अर्थ तेलाचा अभिषेक झालेला, म्हणजेच अभिषिक्त, असा आहे. ग्रीकमध्ये त्याचे ‘ख्रिस्तोस’ असे भाषांतर झाले आणि त्यावरून ख्रिस्त व ख्रिस्ती हे शब्द रूढ झाले. ‘येशू ख्रिस्त’ हे आज व्यक्तिनाम वाटत असले, तरी आरंभीच्या शिष्यांसाठी ते एक विधान होते : नाझरेथचा येशू हाच तो मसीहा. मराठी वृत्तपत्रांत एखाद्या पुढाऱ्याला ‘गरिबांचा मसीहा’ म्हणतात, तो शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आलेला तोच आहे. मात्र त्यातला अभिषेक वाटेतच कुठेतरी सांडला.

प्राचीन इस्राएलात राजे आणि महायाजक यांच्या मस्तकावर जैतुनाचे तेल ओतून त्यांना कार्यास नेमले जाई. शमुवेल संदेष्ट्याने मेंढरे राखणाऱ्या दावीदाला असाच अभिषेक केल्याची कथा जुन्या करारात आहे. ही खूण गोव्यातील कोणत्याही चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी आजही पाहता येते. पाणी ओतून झाल्यावर पाद्री बाळाच्या टाळूवर जैतुनाचे तेल व सुगंधी बाल्सम यांचे मिश्रण लावतो आणि ख्रिस्त जसा याजक, संदेष्टा व राजा म्हणून अभिषिक्त झाला तसाच हा बालकही त्याच्यात सहभागी होत असल्याचे सांगतो. हे तेल बिशपने पवित्र सप्ताहातील विशेष मिस्सेत आशीर्वादित केलेले असते. पुढे दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याला पक्केपणा देणाऱ्या, संस्कारात तेच तेल कपाळाला लागते. या संस्काराचे पोर्तुगीज नाव ‘क्रिज्मा’ आणि ‘ख्रिस्त’ हे दोन्ही शब्द एकाच ग्रीक धातूपासून निघालेले आहेत.

दावीदाच्या वंशाचे सिंहासन अढळ राहील, असे वचन देवाने दिल्याची श्रद्धा होती. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेमचा विध्वंस केला, राजवंश संपला आणि वचन मात्र उरले. पुढे होणाऱ्या अभिषिक्ताची वाट पाहणे सुरू झाले ते या पोकळीतून. ही अपेक्षा एकसारखी मात्र कधीच नव्हती. यशयाच्या ग्रंथात बंदिवानांना मायदेशी परतू देणाऱ्या सायरस या परक्या पारसिक राजालाही ‘अभिषिक्त’ म्हटले आहे. मृत समुद्राकाठी सापडलेल्या प्राचीन यहुदी हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांत एक याजक आणि एक राजा अशा दोन मसीहांचा उल्लेख येतो. आणि रोमन अमलात अनेकांना परकी सत्ता उलथून टाकणारा राजा हवा होता.

येशू यांपैकी कोणत्याही साच्यात नीट बसत नाही, आणि ख्रिस्ती विचाराची खरी अडचण व खरी श्रीमंती येथेच आहे. मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या नव्या करारातील ग्रंथात, कैसरिया फिलिप्पीच्या वाटेवर तो शिष्यांना विचारतो, तुम्ही मला कोण म्हणता? पेत्र उत्तर देतो, तू ख्रिस्त आहेस. येशू ते नाकारत नाही, पण कोणाला सांगू नका अशी ताकीद देतो आणि लगेच आपल्या दुःखभोगाविषयी व मृत्यूविषयी बोलू लागतो; तेव्हा पेत्रच त्याला अडवू पाहतो. पराभूत होऊन मरणारा मसीहा त्या काळच्या ऐकणाऱ्याला ‘वंध्यापुत्र’ म्हणण्यासारखाच वाटला असणार. पहिल्या ख्रिस्ती मंडळीने याचे उत्तर यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात शोधले. दुसऱ्यांची पापे स्वतःवर घेऊन मुकाट्याने दुःख सोसणाऱ्या सेवकाचे तेथील वर्णन त्यांनी येशूला लावले, आणि पुनरुत्थान ही त्यावर देवाची मोहोर मानली. यहुदी परंपरेने हे वाचन स्वीकारलेले नाही. तिच्या मते मसीहा यायचा आहे. कुराणातही ईसाला ‘अल्-मसीह’ म्हटले आहे, परंतु देवाचा पुत्र या अर्थाने नव्हे.

गोव्यातील अनेक क्रूसांवर येशूच्या मस्तकाच्या वर एक छोटी पाटी असते आणि तिच्यावर आय, एन, आर, आय ही चार रोमन अक्षरे कोरलेली असतात. ‘नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा’ या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे होत. रोमन सुभेदार पोंती पिलात याने ती पाटी आरोप म्हणून लावली. भाविक मात्र तोच आरोप कबुली म्हणून वाचतो. पिलाताचा अंमल इ. स. २६ ते ३६ असा होता आणि त्याचे नाव श्रद्धासूत्रातही, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या ठरीव कबुलीतही, आले आहे. शेजारचा हिंदू वाचक ख्रिस्ताला सहज अवतारांच्या मालिकेत बसवतो. आपुलकीने केलेली ही तुलना ख्रिस्ती सिद्धांताला पुरती मानवत नाही. देवाचा पुत्र एकदाच, एका सुभेदाराच्या कारकिर्दीत, मनुष्य झाला असे तो सिद्धांत सांगतो. निकेया (३२५) येथील धर्मपरिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे आणि खाल्सेदोन (४५१) येथील परिषदेने एकाच ख्रिस्तात पूर्ण देवत्व व पूर्ण मनुष्यत्व असल्याचे ठरवले.

ही सारी कथा मराठीत प्रथम विस्ताराने सांगितली गेली ती गोव्यात. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचा इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मरण पावेपर्यंत मुख्यतः साष्टी प्रांतात राहिला. त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे काव्य १६१६ मध्ये साष्टीतील राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. आपण त्याला ‘क्रिस्तपुराण’ म्हणून ओळखतो, पण मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा आशय ‘आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे विवेचन’ असा आहे. रचनाही त्या शीर्षकाला धरून आहे : काव्याच्या पहिल्या भागात, म्हणजे पहिल्या पुराणात, सृष्टीपासून मसीहाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा, दुसऱ्यात त्याचे आगमन. स्वर्गाला वैकुंठ म्हणणारी ही ओवी ज्या काळात लिहिली गेली, त्या काळात देवळे पाडली गेली होती आणि १५६० पासून इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे, न्यायासनही बसलेले होते. काव्याच्या गोडव्यात ही वस्तुस्थिती झाकू नये, आणि तिच्यामुळे काव्यही नाकारू नये.

मसीहावरील विश्वासाला गोव्याच्या ख्रिस्ती बोलीत ‘भावार्थ’ म्हणतात आणि भाविकाला ‘भावार्थी’. आजच्या मराठी वाचकाला भावार्थ म्हणजे कवितेखाली लिहायचा सारांश. संतांच्या मराठीत मात्र त्याचा अर्थ मनापासूनची निष्ठा असा होता, आणि तो जुना अर्थ गोव्याच्या प्रार्थनांत टिकून राहिला. हा शब्द प्रस्तुत संकल्पनेला ‘विश्वास’पेक्षाही चपखल बसतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण ख्रिस्ती श्रद्धेचे दोन पदर आहेत. एक म्हणजे येशू मसीहा आहे हे खरे मानणे. कोंकणी श्रद्धासूत्रातील ‘सत मानतां’ हे शब्द हा पदर दाखवतात. दुसरा म्हणजे त्याच्यावर स्वतःला टाकणे, अपराधांची क्षमा त्याच्याकडून मिळते असा भरवसा धरणे आणि त्याच्या मागे चालणे. त्याला ‘सोडवणदार’ म्हणतात तेही याच अर्थाने : पाप आणि मरण यांतून सोडवणारा. नुसते खरे मानणे पुरेसे नाही, भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे नव्या करारातील याकोबाचे पत्र बजावते. श्रद्धा आणि सत्कृत्ये यांच्या नात्यावरून सोळाव्या शतकात पश्चिमी ख्रिस्ती जग दुभंगले. १९९९ मध्ये कॅथलिक व लुथरन (मार्टिन लूथरच्या परंपरेतील) मंडळींनी या प्रश्नावर संयुक्त घोषणापत्र काढले. गोव्यात कॅथलिकांचे प्राबल्य असल्यामुळे हा वाद येथे फारसा ऐकू येत नाही.

गोव्यात हा विश्वास दृश्य होतो तो ६ जानेवारीला. पूर्वेकडील ज्ञानी पुरुष नवजात बालकाला शोधत आले, या मत्तयाच्या कथेवरून बार्देशातील रेईश मागूश, तसेच चांदर आणि कासावलीजवळील कुएली येथे तीन राजांचे फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, भरतो. मुले राजांचा वेश करून, मुकुट घालून मिरवणुकीने येतात. सोने राजासाठी, ऊद देवासाठी आणि मृतदेहाला लावला जाणारा गंधरस मरणाऱ्या मनुष्यासाठी, असा या तीन भेटींचा परंपरागत अर्थ लावतात. म्हणजे बालकाच्या पाळण्यापाशीच क्रूसाची सूचना ठेवलेली आहे. मत्तयाच्या कथेत जेरुसलेमच्या राजवाड्याला या जन्माचा धसका बसतो आणि नमस्कार करायला येतात ते परदेशी लोक, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

मसीहाचे कार्य पूर्ण झाले, असे मात्र ख्रिस्ती धर्म म्हणत नाही. तो पुन्हा येईल आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील, हे श्रद्धासूत्रातील भविष्यकाळी वाक्य आहे. म्हणून नाताळाआधीचे चार आठवडे आगमनकाळ म्हणून पाळताना दोन येण्यांचे स्मरण होते, एका झालेल्या आणि एका व्हावयाच्या. त्या दिवसांत घराच्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, नक्षत्राचा कंदील पेटतो, अंगणात गवताचा गोठा उभा राहतो, मेंढपाळ आणि गाई मांडल्या जातात. मधली गव्हाण २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवतात.