अपवर्जी आणि स्वतंत्र: एकच समजू नका, जवळपास उलटं आहे

संभाव्यता शिकताना बरेच जण या जोडीपाशी आपटतात, आणि दोष निम्मा नावांचाच आहे. "परस्पर अपवर्जी घटना" ऐकलं की वाटतं, दोघींचा एकमेकींशी संबंध नाही, म्हणजे स्वतंत्रच की. नाही हो! अपवर्जी म्हणजे एक घडली की दुसरी घडूच शकत नाही, याहून घट्ट संबंध कुठला असणार?

एकच फासा घ्या. सम अंक आलाय एवढं कळलं की विषम असण्याची संभाव्यता १/२ वरून थेट शून्य. हे अपवर्जी. इथे "किंवा" आलं की नुसती बेरीज करायची, १ किंवा ६ साठी १/६ + १/६ = १/३, विषय संपला.

खरी गंमत स्वतंत्रची आहे. त्यासाठी दोन फासे नाहीतर दोन नाणी लागतात असा एक समज आहे, पण तसं काही नाही. तोच फासा, घटना दोन: "सम अंक" आणि "४ किंवा कमी". आता कुणी सांगितलं की अंक ४ पर्यंतचाच आहे, तर उरले १, २, ३, ४, त्यात सम दोन, म्हणजे संभाव्यता अजून १/२ च, बातमी कळून काडीचा फरक पडला नाही, यालाच स्वतंत्र म्हणतात. स्वतंत्र घटनांत दोन्ही एकदम घडण्याची संभाव्यता म्हणजे दोघींच्या संभाव्यतांचा गुणाकार, करून बघा, १/२ × २/३ = १/३, आणि दोन्हीत बसणारे अंक २ आणि ४, तेही २/६ म्हणजे १/३. आता ४ च्या जागी ३ करा. उरले १, २, ३, त्यात सम एकटा २, संभाव्यता १/३. गेलं स्वातंत्र्य! आणि २ दोन्हीत बसतो म्हणून अपवर्जीही नाहीत, म्हणजे धड हे नाही धड ते नाही अशीही जोडी असते.

पत्त्यांत तर कहर आहे, ५२ पानांत "राजा" आणि "बदाम" स्वतंत्र (४/५२ × १३/५२ = १/५२), पण कॅटमध्ये चुकून एक जोकर राहिला की ५३ पानांवर हिशोब बसत नाही.

कुणाला करून दाखवायचं असेल तर फासा ६० वेळा टाका, सगळे अंक लिहा, मग ५ आणि ६ खोडा. साधारण ४० उरतील, त्यात सम निम्म्याच्या आसपास निघतील, अगदी २० नाही निघाले तर घाबरू नका, अजून टाकत राहा.